व्हाळातलं ब्लॅक होल कसं बघायचं

ब्लॅक होलजवळ लाटा कशा अडकतात एवढंच बघायचं असेल तर दुर्बीण वगैरे काही नको, घरामागचा व्हाळ पुरतो. गणपतीनंतर पाऊस ओसरला की जा, ऐन पावसात लोंढ्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. जागा अशी हवी की कोंडीतलं खोल, संथ पाणी कातळावर येऊन पातळ होतं आणि धावत सुटतं.

आधी कोंडीत तळहाताने हलकेच पाणी दाबा, वलयं चहूकडे जातील. मग तसंच करत करत कातळाकडे सरका. वरच्या अंगाला जाणारी लाट दमत जाते, एका रेषेवर ती जागच्या जागी उभी राहते आणि त्या रेषेच्या खाली काहीही करा, सगळं वाहूनच जातं. हेच आपलं होरायझन, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही ती सीमा! उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो, 10 सेंटीमीटरला सेकंदाला साधारण 1 मीटर, अडीच सेंटीमीटरला त्याच्या निम्मा, आणि प्रवाह त्याहून जोरात झाला की लाट मागे फिरूच शकत नाही. खऱ्या ब्लॅक होलला हीच गत प्रकाशाची.

माडाचा हीर टोचलात तर त्याच्यापुढे बारीक सुरकुत्या प्रवाहाविरुद्ध उभ्या दिसतील, त्या धरायच्या नाहीत, पृष्ठताणामुळे त्या जास्त पळतात.

मॅटरसाठी, म्हणजे ब्लॅक होलमध्ये पडणाऱ्या पदार्थासाठी, एक सुकं पान सोडा. रेषा कधी ओलांडली हे त्याला कळतसुद्धा नाही. फक्त खरं मॅटर असं सरळ येत नाही हां, फिरत फिरत येतं, चकती होते, घासून इतकं तापतं की एक्स-रे निघतात, आणि न फिरणाऱ्या ब्लॅक होलच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराच्या आत आलं की स्थिर कक्षाच उरत नाही, गेलंच ते.

क्वांटमचं, म्हणजे ब्लॅक होलमधूनही मंद किरणं निघतात असं हॉकिंगने मांडलं ते, मात्र इथे दिसणार नाही. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या ब्लॅक होलच्या त्या किरणांचं तापमान, म्हणजे हॉकिंग तापमान, 0.00000006 केल्विन, अवकाशातलं पार्श्वभूमीचं 2.7, म्हणजे तिकडेही मापायची बोंबच. म्हणून तर अनरू या भौतिकशास्त्रज्ञाने 1981 मध्ये वाहत्या द्रवाची आयडिया काढली आणि पुढे व्हँकुव्हरला टाकीत प्रवाहाविरुद्ध लाटा सोडून त्यांचं रूपांतर मोजलं.

व्हाळ नसेल तर मोरीत ताट पालथं घालून नळाची सलग धार सोडा. धारेभोवती गोल कडा उठते, बाहेरच्या लाटा तिच्या आत शिरत नाहीत. हे उलटं, व्हाइट होल. धार तुटक पडत असेल तर नळ थोडा मोठा करा.