जुन्या मांगरात शिबिरं भरवायची आहेत? या चुका टाळा

सिंधुदुर्गात मांगर म्हणजे गवताचे भारे, औतं आणि गुरं यांची जागा. जांभ्याचं जोतं, किंजळ-ऐनाचे खांब, वर तुळया, वासे, रिपा आणि कौलं. गुरं गेली की मांगर ओस पडतो, आणि मग कुणाला तरी वाटतं की इथे वीसेक माणसांचं शिबिर छान होईल. वाटणं बरोबरच आहे. आमचा मांगर आम्ही तसाच वापरात आणला. पण त्या कामात आमच्या हातून झालेल्या आणि आजूबाजूला पाहिलेल्या चुका जवळपास सगळ्या पाण्याच्या आणि वजनाच्या होत्या.

उन्हाळ्यात पाहून अंदाज बांधणे

एप्रिलमध्ये मांगर कोरडा ठणठणीत दिसतो. आमच्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून कौलं शाकारून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या आणि जुलैत दर आठ दिवसांनी आत फिरून या. ओल कुठून चढते, पागोळ्या जोत्यावर पडतात की बाहेर, कुठला वासा काळा पडलाय, हे खडूने लिहून ठेवा. कामाचा खरा आराखडा त्या खडूच्या खुणांतूनच निघतो.

खांबाचा पाय सिमेंटमध्ये गाडणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जुन्या सुतारांनी खांब जमिनीत पुरला नव्हता. तो दगडी तळखड्यावर उभा केला, म्हणजे पाय भिजला तरी वाऱ्याने सुकायचा. आता लादी बसवताना गवंडी खांबाभोवती सिमेंटचा काठ करतो, दिसायला नीटनेटका. त्या काठात पाणी उतरतं आणि अडकून राहतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला वाव मिळतो. ऐनासारखं लाकूडही अशा जागी काही वर्षांत खालून भुसभुशीत होतं आणि वरून कळतही नाही.

तपासायला दाभण पुरे. खांबाच्या तळाशी आणि तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे टोचून पाहा. सहज आत गेलं, किंवा हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आतलं लाकूड गेलंय. अख्खा खांब बदलायची गरज बहुधा नसते. तुळईला जॅक आणि टेकू देऊन कुजलेला पाय कापायचा, त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा आणि खाली तळखडा थोडा उंच घ्यायचा. मोडलेल्या घरांचं जुनं लाकूड यासाठी उत्तम, कारण ते पुरतं सुकलेलं असतं. जांभ्याच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा नको. चुन्याने ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडते.

माळ्यावर माणसं चढवणे

गवत हलकं असतं, आणि मुख्य म्हणजे नाचत नाही. आयएस 875 या मानकात राहत्या खोलीच्या तक्तपोशीवर दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहाला 500 किलो. योगासनं किंवा गाणंबजावणं करणारा गट या दुसऱ्या हिशेबात बसतो. तुळई मधे वाकलेली असेल, कुसवाजवळ (म्हणजे लाकडाचं टोक खाचेत बसतं त्या सांध्याजवळ) ताजी चीर दिसत असेल, तर लाकडाचं काम जाणणाऱ्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय वर कुणालाही पाठवू नका. आम्ही बैठक खालीच ठेवली आणि माळ्यावर गाद्या रचल्या. मला तोच शहाणपणाचा मार्ग वाटतो. वर झोपवायचंच असेल तर दुसरा जिना हवाच. लाकडी इमारतीत आग लागली की एकच वाट पुरत नाही. वायरिंग उघडं नको, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावा.

वाळवीवर जळकं ऑइल

गावोगाव हाच उपाय. पण जिथे माणसं रात्रभर झोपणार तिथे त्याचा वास जात नाही, ते आगीला मदत करतं आणि टपकून मातीत मुरतं. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी जमिनीतून येते आहे, तेव्हा आधी जोत्याकडची ओल आणि टेकवलेली लाकडं हटवा. लाकडातून पिठासारखी पूड गळत असेल तर तो भुंगा. त्यावर बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी चालतं, पण लाकूड कोरडं आणि छपराखालचं हवं. पावसाचं पाणी लागलं की ते धुऊन जातं.

माकडांना कंटाळून पत्रा

कंटाळा खरा आहे, कौलं दर महिन्याला फुटतात. तरी नुसता पत्रा घातलात तर दुपारी आत बसवणार नाही आणि पावसात कुणाचं बोलणं ऐकू येणार नाही. पत्रा खाली आणि कौलं वर, मधे वारा खेळेल इतकी फट ठेवा. सोलर पॅनल मात्र या छपरावर चढवू नका. संडासांच्या स्लॅबवर लावा, धुवायला जाताना कौलं तुडवावी लागत नाहीत.

पाणी आणि संडास शेवटी

माणशी 135 लिटर धरले तर वीस जणांना दिवसाला 2700 लिटर. मे महिन्यात पंधरा दिवस शिबिर चाललं तर 40 हजार. तेवढं विहिरीत आहे का, हे मेमध्येच मोजा. 100 चौरस मीटर छपरावर वर्षात तीन लाख लिटर पडतात, पण मेपर्यंत राहतं ते टाकीत मावेल तेवढंच. शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून याहून जास्त अंतर ठेवता आलं तर ठेवा.

कागदांचं थोडक्यात: सातबाऱ्यावर काका-आत्यांची सामायिक नावं असतील तर लेखी संमती कामाआधी घ्या. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा पाहा, त्यावर बहुधा गोठाच लिहिलेला असतो. शेती चालू असेल तर 2020च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. आणि सुतार ठरवताना त्याच्या हातचं कुसवाचं काम आधी पाहून या. नुसत्या खिळ्यांनी आणि पट्ट्यांनी जोडणाऱ्याला जुना सांधा उघडू देऊ नका.