हंगेरीच्या रब्बींची हस्तलिखित पत्रं वाचायला बसण्याआधी

रब्बी म्हणजे यहुदी धर्मगुरू. त्यांची ही पत्रं बहुधा धर्मनियमांबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं असतात. वाचायला बसताना आधी टेबल मोकळं करा. शाईचं पेन, चहाचा कप, पाण्याची बाटली लांब ठेवा. हाताशी फक्त पेन्सिल, भिंग आणि कोरी वही असू द्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे घालू नका, त्यांनी बोटांना कागद कळत नाही आणि जुनी कड पटकन फाटते. एकोणिसाव्या शतकातली लोहयुक्त शाई हळूहळू कागद खाते, त्यामुळे ओळीवर बोट फिरवत वाचायची सवय सोडावी लागेल. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नका.

लिपीची तयारी मात्र काही आठवडे आधीपासून हवी. छापील हिब्रू येते म्हणून ही पत्रं वाचता येत नाहीत. बाळबोध येणाऱ्याला मोडीचा कागद वाचता येत नाही, तसंच हे आहे. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुदींच्या, वळणाच्या धावत्या अक्षरांचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून काढा आणि शेजारी संक्षेपांसाठी एक वेगळं पान ठेवा, कारण समोरच्या विद्वानाच्या नावाआधीची लांबलचक आदराची विशेषणं बहुधा आद्याक्षरांतच असतात. भाषा हिब्रू-अरामी मिश्रित असते, मध्येच यिडिश, म्हणजे याच यहुदींच्या बोलीतले, शब्द येतात, आणि टपालासाठी बाहेर लिहिलेला पत्ता पुष्कळदा जर्मनमध्ये असतो.

तारखेचं गणित वहीच्या पहिल्याच पानावर मांडून ठेवा. यहुदी वर्ष हजार वगळून, आकड्यांची किंमत असलेल्या हिब्रू अक्षरांत लिहितात; त्यात 1240 मिळवले की इसवी सन मिळतं. पण वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रांसाठी एक वजा करायचा. प्रेसबुर्गचे रब्बी मोशे सोफेर, म्हणजे खताम सोफेर, यहुदी 600 सालच्या तिश्री या शरद ऋतूतल्या महिन्यात वारले. नुसती बेरीज केली तर 1840 येतं, खरी तारीख 3 ऑक्टोबर 1839. महिना दिलेला नसेल तर वार आणि त्या आठवड्यात वाचायचा तोरा या धर्मग्रंथाचा भाग पाहा. दोन्ही मिळून नेमका दिवस सापडतो.

गावांची यादी जुन्या-नव्या सगळ्या नावांनी करा: प्रेसबुर्ग म्हणजेच पोझोन्य, म्हणजेच आजचं ब्रातिस्लावा; उंगवार म्हणजे आजचं उझहोरोद. यातली बरीच गावं आज हंगेरीत नाहीत. गावावरून काळही कळतो. रब्बी मोशे शिक आधी सेंटग्यॉर्गी गावी आणि 1861 नंतर खुस्त गावी होते. त्यांचं सेंटग्यॉर्गीचं पत्र असेल तर ते त्याआधीचं. सहीवरून मात्र ठिकाण ठरवू नका. खताम सोफेर 1806 पासून अखेरपर्यंत प्रेसबुर्गला होते, तरी सही करत ‘मोशे हक्काटान’, म्हणजे लहानगा मोशे, आणि पुढे जन्मगाव फ्रांकफुर्ट लिहीत.

शुल्खान आरुख या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथाचे चार भाग जवळ असावेत: प्रार्थना आणि शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) व सणांचा, खाण्यापिण्याचे आणि इतर निषेध सांगणारा, विवाह-घटस्फोटाचा आणि पैशाच्या व्यवहारांचा. प्रश्न कुठल्या भागातला हे आधी ठरवलं की अर्धे संदर्भ आपोआप उलगडतात.

घटस्फोटाचं पत्र समोर आलं तर विशेष जपा. गेट या घटस्फोटपत्रात माणसांची आणि गावाची नावं अचूक अक्षरांत लिहावी लागतात, नदीचंही नाव घालतात, आणि एखाद्या नावात कोणतं अक्षर घालायचं यावरच विद्वानांची पानंच्या पानं खर्च झालेली आहेत. चुकलेल्या अक्षराने गेट बाद ठरलं तर त्या बाईचं पुन्हा लग्न अडतं. म्हणून नक्कल करताना तुमच्या मते अशुद्ध असलेलं नाव चुकूनही ‘दुरुस्त’ करू नका. खोडलेलं अक्षरसुद्धा खोडलेलं म्हणून नोंदवा.

त्या उत्तरांची छापील प्रत शेजारी ठेवा, पण हस्तलिखित एकदा पूर्ण वाचून झाल्यावरच उघडा. खताम सोफेरांची उत्तरं त्यांच्या मृत्यूनंतर, 1841 पासून छापून येऊ लागली. अशा संग्रहांत निर्णय जपला जातो, पण आजारपणाची चौकशी, उशिराबद्दलची क्षमा, मुलाच्या लग्नाचा आशीर्वाद, कधीकधी विचारणाऱ्याचं नावसुद्धा गळतं. मला ही पत्रं प्रिय आहेत ती याच गळणाऱ्या ओळींसाठी. त्या बहुधा अगदी शेवटी, जागा संपल्यावर समासात आडव्या लिहिलेल्या असतात. कागद सावकाश फिरवा आणि त्या आधी उतरवून घ्या.

फोटो दोन्ही बाजूंचे काढा. कोरी वाटणारी बाजूही घ्या; घडी, लाखेची खूण आणि कोणाच्या दारी पत्र पोचलं ते तिथेच असतं.