पिकअपच्या खालून येणारा ‘ठक्’ : नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी गॅरेजमध्ये उभा राहिलो, तेव्हा इंजिन उघडण्याची मला भीती वाटत नव्हती. भीती वाटे ती ‘खालून आवाज येतो’ एवढीच तक्रार घेऊन आलेल्या गाडीची. इंजिनाच्या दुरुस्तीला मोजमापे असतात, परंतु आवाज चॅसिसच्या लोखंडातून दूरवर जातो आणि मागच्या पाट्यापाशी (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगपाशी) बसलेला ठोका चालकाला आपल्या सीटखालीच ऐकू येतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन येणाऱ्या पिकअप गाड्यांवर काम करताना या आवाजांचा माग काढायला मी शिकलो.

गाडी जॅकवर घेण्याआधी चालकाशी पाच मिनिटे बोलावे आणि त्याच्यासोबत एक चक्कर मारावी. आवाज खड्ड्यात येतो, क्लच सोडताना येतो, ब्रेक दाबल्यावर येतो की स्टिअरिंग वळवताना येतो, हे कळले की निम्मे काम होते. खड्ड्यातला ठोका बहुधा शॉकॲब्झॉर्बर, बुश (सांध्यातले रबरी अस्तर), शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी झुलती कडी) किंवा बॉल जॉइंट (पुढच्या चाकाचा गोळ्याचा सांधा) यांच्याकडे नेतो. गाडी जागेवरून उचलतानाचा किंवा रिव्हर्स टाकतानाचा ठोका प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा दांडा), डिफरेन्शियल (तो जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच) आणि ॲक्सलच्या पकडीकडे बोट दाखवतो. गाडी रिकामी होती की भरलेली, हेही विचारावेच. त्यानंतर फाळक्याच्या कड्या, खाली टांगलेली स्टेपनी, सायलेन्सरची रबरे आणि व्हील नट हाताने तपासावेत. सैल स्टेपनीचा ठोका तुटलेल्या पाट्यासारखाच ऐकू येतो, आणि सैल व्हील नट असलेली गाडी चाचणीसाठीसुद्धा रस्त्यावर नेऊ नये.

एका गाडीने मला हे काम खऱ्या अर्थाने शिकवले. तिचा मालक म्हणाला, “दादा, रिकामी असली की गप्प असते, माल भरला की बोलते.” भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना मागून एकच जाड ‘ठक्’ येई. दुसऱ्या गॅरेजमध्ये तिचे मागचे दोन्ही शॉकॲब्झॉर्बर आधीच बदलून झाले होते. मी प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, तो थोडा मागेपुढे झाला आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा फुलीच्या आकाराचा सांधा) गेला असे मी मनाशी ठरवून टाकले. वास्तविक डिफरेन्शियलमधल्या क्राऊन आणि पिनियन या गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक ठेवलेलीच असते, त्यामुळे शाफ्ट किंचित फिरणे हा दोष नव्हे. क्रॉस तपासायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) धरून एकमेकांच्या उलट दिशेला पिळावेत. तिथे जराही ढिलेपणा जाणवला, किंवा कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर आतले नीडल रोलर कोरडे पडले आहेत असे समजावे. या गाडीचा क्रॉस घट्ट होता. स्लिप जॉइंटच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सांध्याच्या) स्प्लाईनला, म्हणजे खाचांना, ग्रीस भरले, कारण कोरडी स्प्लाईनही गाडी उचलताना असाच ठोका देते. परंतु आवाज तसाच राहिला.

मग मी पाट्यांच्या थरावरून खाली ॲक्सलच्या बैठकीपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली. चारही चाकांना लाकडी ठोकळे लावले, सहकाऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगितले आणि क्लच किंचित सोडून गाडीला आधी पहिल्या व नंतर रिव्हर्स गिअरमध्ये जोर द्यायला लावला. मी स्वतः बाजूला, चाकांच्या रेषेबाहेर उभा होतो. प्रत्येक झटक्याला ती रेघ मधोमध तुटत होती आणि खालचा तुकडा काही मिलिमीटर सरकून परत येत होता. टॉर्च जवळ नेला तेव्हा पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टखालच्या पट्टीची कड घासून चांदीसारखी चकाकताना दिसली आणि तिच्या भोवती गंजाची लाल पूड साचलेली होती. यू-बोल्ट उघडल्यावर पाट्यांच्या मधून जाणाऱ्या सेंटर बोल्टचे दोन तुकडे हातात आले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲक्सलला जागेवर धरून ठेवण्याचा भार यू-बोल्टच्या आवळणीवर असतो. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. जास्त माल नेण्यासाठी या गाडीला एक पाटा वाढवलेला होता, आणि नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसले की यू-बोल्टची पकड कमी होते. त्यानंतर ते पुन्हा आवळले गेले नाहीत, सगळा जोर सेंटर बोल्टवर आला आणि तो कातरला गेला. अशा वेळी ॲक्सल एका बाजूने मागे सरकू शकतो, म्हणून पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून हबच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजून ताडून पाहावे. आम्ही नवे यू-बोल्ट घातले, कारण ताणलेले जुने बोल्ट पुन्हा वापरू नयेत, आणि मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने आलटून पालटून आवळले. पहिल्या हजार किलोमीटरच्या आत गाडी परत बोलावली, तेव्हा चारही बोल्टांचे नट पुन्हा थोडे फिरले.

पुढच्या बाजूला एक चूक सर्रास होते. जिथे स्प्रिंगचा भार लोअर आर्मवर (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर) असतो, तिथे चॅसिसखाली जॅक लावला तर लोंबकळणाऱ्या आर्ममुळे बॉल जॉइंट ताणलेलाच राहतो आणि त्याचा ढिलेपणा लपतो. त्यामुळे जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावावा, चॅसिसखाली आधाराला घोडी (जॅक स्टँड) ठेवावी आणि चाक वर-खाली धरून हलवावे. चाक हलले तर सहकाऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. हलणे थांबले तर व्हील बेअरिंग, थांबले नाही तर बॉल जॉइंट पाहावा. डावी-उजवीकडे हलणारे चाक टाय रॉडकडे, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याकडे, नेते.

घुरघुर हा वेगळा विषय आहे, तो थोडक्यात सांगतो. गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे घेताना बदलणारी घुरघुर बेअरिंगची असते, तर ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना बदलणारा सूर डिफरेन्शियलचा असतो.

बुश बदलले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावेत. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलेला रबरी बुश गाडी खाली उतरताच पिळला जातो, त्याचे रबर लवकर फाटते आणि गाडी त्याच आवाजासह परत येते. माझ्या पहिल्या वर्षात अशी एक गाडी परत आली होती. तेव्हापासून मी शेवटची आवळणी गाडी जमिनीवर उतरवून, खाली आडवे पडूनच करतो.