कॅलिफोर्नियात नॅनी ठेवताना राज्याचा पेरोल टॅक्स कसा भरायचा

तुमच्या घरी येऊन, तुम्ही सांगाल त्या वेळेत मूल सांभाळणारी नॅनी ही तुमची कर्मचारी असते. तिला १०९९ (स्वतंत्र कंत्राटदाराला द्यायचा फॉर्म) देऊन मोकळं होता येत नाही, आणि वर्षाअखेरीच्या शेड्यूल एचने (घरगुती कर्मचाऱ्यांचा फेडरल टॅक्स फॉर्म) फक्त फेडरलचा हिशेब मिटतो. राज्याचं खातं ईडीडीकडे (कॅलिफोर्नियाचा पेरोल टॅक्स गोळा करणारा विभाग) वेगळं उघडावं लागतं.

एका तिमाहीत रोख किंवा चेकने दिलेला पगार ७५० डॉलर झाला, की १५ दिवसांत ईडीडीच्या ई-सर्व्हिसेसवर घरगुती एम्प्लॉयर म्हणून नोंदणी करा. तिथपासून एसडीआय (आजारपण, बाळंतपणात भत्ता देणारा राज्याचा विमा) लागू होतो. तिमाहीचा पगार १,००० डॉलर झाला, की यूआय (बेकारी विमा) आणि ईटीटी (कामगार प्रशिक्षणाचा टॅक्स) हेही लागतात. नॅनीची नवी नेमणूक २० दिवसांत ईडीडीच्या डीई ३४ फॉर्मवर कळवायची.

आता आकडे. आठवड्याला ८०० डॉलर पगार धरा. २०२५ मध्ये एसडीआय १.२ टक्के होता, म्हणजे दर आठवड्याला ९.६० डॉलर. ते नॅनीच्या पगारातून कापायचे. २०२४ पासून त्याला पगाराची वरची मर्यादा नाही, त्यामुळे कपात वर्षभर चालते. यूआय (नव्या एम्प्लॉयरला ३.४ टक्के) आणि ईटीटी (०.१ टक्का) मात्र तुमच्या खिशातून, तेही वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलरवरच: २३८ अधिक ७, एकूण २४५ डॉलर. जानेवारीपासून काम असेल तर नवव्या आठवड्यातच हे संपतं, म्हणून पहिल्या तिमाहीचं बिल मोठं दिसतं. राज्याचा इन्कम टॅक्स कापणं सक्तीचं नाही. दोघांची संमती असेल तरच कापा. एसडीआयचा दर दर जानेवारीला तपासा.

वर्षाचा पगार २०,००० डॉलरपर्यंत असेल तर वार्षिक भरणा निवडता येतो: वेतनाचा अहवाल दर तिमाहीला डीई ३बीएचडब्ल्यूवर, पैसे वर्षातून एकदा डीई ३एचडब्ल्यूबरोबर. पूर्ण वेळ नॅनीचा पगार ही मर्यादा सहज ओलांडतो. मग डीई ९ (टॅक्सचा रिटर्न) आणि डीई ९सी (वेतनाचा तपशील) दर तिमाहीला, ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीपर्यंत. सगळं ऑनलाइनच. उशिरा भरलेल्या टॅक्सवर १५ टक्के दंड आणि वर व्याज.

सगळ्यात महाग पडते ती 'कॅशमध्ये देऊ' ही तोंडी बोली. काम सुटल्यावर नॅनी बेकारी भत्त्याला किंवा बाळंतपणात एसडीआयला अर्ज करते, तिच्या नावावर वेतनाची नोंद सापडत नाही, आणि ईडीडीची चौकशी तुमच्या दारात येते. न कापलेला एसडीआयही तेव्हा तुम्हीच भरायचा. त्याहून वाईट म्हणजे तिला हक्काचे पैसे गरजेच्या वेळी मिळत नाहीत.

आणखी एक: व्हिजिटर व्हिसावर आलेल्या मावशींना पगारावर ठेवता येत नाही. नॅनीकडे काम करण्याची परवानगी हवी, आय-९ (त्या परवानगीच्या पडताळणीचा फेडरल फॉर्म) भरलेला हवा.

नॅनी गेली, दुसरी ठेवायची नसेल, तर शेवटचा रिटर्न भरून खातं बंद करा. ते उघडं राहिलं तर पगार शून्य असतानाही दर तिमाहीचा रिटर्न भरावा लागतो.