भाव पडला म्हणून माणसं गेली का? तपासायची रीत

अमेरिकेचा स्वस्त गहू आला आणि युरोपचा शेतकरी देशोधडीला लागला, हे एकोणिसाव्या शतकाबद्दलचं वाक्य अर्धंच खरं आहे. म्हणून भाव पडल्यानेच एखाद्या प्रदेशातली माणसं परदेशी गेली का हे तपासताना आधी तिथे धान्य विकणारे किती नि विकत घेणारे किती ते पाहा. त्याच मंदीत एकाची शेती बुडते, दुसऱ्याचा पाव स्वस्त होतो.

मग तफावत काढा. लिव्हरपूल या ब्रिटिश बंदरातल्या भावातून अमेरिकेतल्या शिकागोचा भाव वजा करा, उरेल त्याला शिकागोच्या भावाने भागून शंभराने गुणा. गव्हासाठी १८७० मध्ये ५७.६ टक्के येतात, १८९५ मध्ये १७.८. रेल्वे-आगबोटींचं भाडं उतरल्याचा हा माग.

आकडेमोड हमखास इथेच फसते. ब्रिटिश भाव क्वार्टरचा, म्हणजे आठ बुशेलचा (बुशेल हे धान्याचं माप). अमेरिकी भाव एका बुशेलचा. शिवाय शिलिंगाचे पेन्स बारा. इंग्लंड-वेल्सचा १८९४ चा सरासरी भाव २२ शिलिंग १० पेन्स, तो २२.१० नव्हे, २२.८३ लिहायचा. (१८७७ मध्ये तो ५६ शिलिंग ९ पेन्स होता!)

शेजारी जकात मांडा. जर्मनीत १०० किलो गव्हावर १८७९ मध्ये १ मार्क, १८८५ मध्ये ३, १८८७ मध्ये ५. डेन्मार्कने जकात टाळली, स्वस्त धान्य जनावरांना घातलं आणि ब्रिटनला लोणी-बेकन विकलं. तरीही डॅनिश माणसं अमेरिकेला गेलीच. तेव्हा एकट्या भावावर सगळं ढकलू नका.

भाव आणि स्थलांतर यांचा दुवा स्वच्छ दिसतो तो ग्रीसमध्ये. फायलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेली मारल्या, तशी पेलोपोनीजच्या बारीक काळ्या मनुकांना वाइनसाठी मागणी आली. फ्रेंच बागा सावरल्या, १८९२ मध्ये फ्रान्सची जकात वाढली, पुढच्याच वर्षी भाव कोसळला आणि तिथली माणसं अमेरिकेची वाट धरू लागली. आयर्लंडमधली १८४५ नंतरची पांगापांग मात्र या रकान्यात घालू नका. तिचं मूळ बटाट्यावरचा करपा.

माणसं मोजताना बंदर म्हणजे गाव समजू नका. हांबुर्ग या जर्मन बंदराच्या १८५० पासूनच्या प्रवासी याद्यांत शेवटचं राहतं ठिकाण असतं, ते घ्या. भाव आणि प्रस्थान एकाच वर्षात जुळवू नका. तिकिटाचे पैसे जमायला किंवा आधी गेलेल्या नातेवाइकाने तिकीट पाठवायला वेळ लागतो. परतणारेही वजा करा: अर्जेंटिनात गहू कापून परत येणारे इटालियन मजूर दर हंगामात नव्याने मोजले जात.