ताप आलाय, कुठं जायचं?

मी गावची आशा सेविका. कुणाला कणकण आली की पहिला फोन मला. साधा ताप, जुलाब असेल तर उपकेंद्रात चला; ओआरएस, पॅरासिटामॉल तिथंच मिळतं. रक्त तपासायचंय, बीपी-शुगरच्या गोळ्या हव्यात, तर प्राथमिक आरोग्य केंद्र. ओपीडी सकाळीच गाठा. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. तरी लोक तालुक्याला जाऊन सलाइन लावून येतात! सलाइननं ताकद येते, हे खूळ काही जात नाही. कुत्रं चावलं तर आधी पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं जखम धुवा, मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. छातीत दुखत असेल, तर मला विचारत बसू नका, थेट १०८.