दाढीतल्या पुळ्या आणि मी

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. तोंडाला दुपट्टा, वर हेल्मेटचा पट्टा, आणि हनुवटीखाली पुळ्यांची रांग कायमची. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहून सांगितलं, यातल्या बऱ्याचशा पुळ्या मुरुमं नाहीतच. वस्तऱ्यानं अगदी तळातून कापलेला कुरळा केस टोकदार होतो, वळून पुन्हा कातडीत शिरतो. शरीर त्याला रुतलेल्या काट्यासारखं वागवतं, म्हणून सूज. मानेवर हे जास्त, कारण तिथले केस वाटेल त्या दिशेनं उगवतात.

मग वस्तरा बंद, ट्रिमर सुरू, तोही एक मिलिमीटर राखून. रात्री २.५ टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे पुळ्यांवरचं जंतू मारणारं औषध, पातळ थरात. (त्यानं उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, आई अजून बोलते.) दाढीला खोबरेल चोपडणं सोडलं, दुपट्टा रोज धुतलेला. काही आठवड्यांत मान बरीच निवळली. काळे डाग मात्र सावकाश जातायत.

माझा एक मित्र मेडिकलमधून स्टेरॉइडवालं मिश्र क्रीम आणून लावतो. लाली झटकन जाते खरी, पण खाली बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरते. गोल, खाजरा, केस सहज उपटून येणारा चट्टा दिसला, तर नायट्याची शंका धरून आधी डॉक्टर गाठा.